साखळ्या कशासाठी लोंबतात? ट्रॅक्टरच्या ग्रास कटरचं गार्ड, आणि त्यात करायचे-न करायचे बदल

द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत ट्रॅक्टरमागे चालणारा ग्रास कटर नवीन येतो, तेव्हा त्याच्या पुढच्या-मागच्या कडेला साखळ्यांची झालर असते आणि पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, प्लास्टिकची नळी. दोन हंगामांनी तेच यंत्र जाऊन बघा. झालरीतल्या निम्म्या साखळ्या गायब, त्यातली एखादी गोठ्याच्या फाटकाला कडी म्हणून लागलेली. शाफ्टवरची नळी तडकली म्हणून काढून टाकलेली. एका पात्याच्या जागी गावातच घडवलेला कमानपाट्याचा तुकडा. आणि मालक सांगतो, ‘आता कसं मोकळं चालतंय!’

मोकळं चालतं, हे खरंच आहे. ओल्या गवताचे गोळे साखळ्यांत अडकतात. शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे टोकाच्या वळत्या सांध्याला, ग्रीस मारायचं तर नळी आड येते. गार्ड काढणारा माणूस बेफिकीर असतो असं मला वाटत नाही. रोजच्या कामात त्या गार्डने त्याला छळलेलं असतं. पण ते काढताना आपण नेमकं काय सोडून देतोय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायचं तर थोडं गणित करावं लागेल. साधं आहे.

बहुतेक यंत्रांना 540 ची पीटीओ लागते, म्हणजे शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला 9. स्लॅशर किंवा रोटरी कटर म्हणतात त्या यंत्रात वरचा गिअरबॉक्स हा वेग वाढवून पात्यांना देतो. समजा पाती मिनिटाला 1000 फेरे घेताहेत आणि कापणीची रुंदी 5 फूट आहे. पात्याचं टोक एका फेऱ्यात पावणेपाच मीटरहून थोडं जास्त अंतर जातं आणि सेकंदाला जवळपास 17 फेरे मारतं. हिशेब केला की टोकाचा वेग सेकंदाला 80 मीटर येतो, ताशी सुमारे 290 किलोमीटर.

आता त्या टोकाखाली 50 ग्रॅमचा एक खडा आला. लिंबाएवढा. तो त्याच वेगाने उडाला, तर त्याच्या अंगात तितकीच ऊर्जा असते जितकी ताशी 160 किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते. फरक एवढाच की चेंडू गोल असतो, समोर बॅट घेऊन, हेल्मेट घालून उभा असलेला माणूस असतो आणि चेंडू येणार हे त्याला माहीत असतं. इथे समोर खुरपणाऱ्या बाया असतात, नाहीतर बांधावर डबा घेऊन आलेलं पोर.

अमेरिकेत रोटरी कटरच्या अनेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की यंत्रातून वस्तू 300 फुटांपर्यंत आणि त्याहून लांबही उडू शकते. आपल्या मापात सांगायचं तर चौकोनी एकराची एक बाजू साधारण 208 फूट भरते. म्हणजे एकराच्या या टोकाला यंत्र चालू असेल, तर त्या टोकाचा बांधही सुरक्षित नाही.

साखळ्या इथे कामाला येतात. वरून बघताना वाटतं, लोंबती साखळी काय दगड अडवणार? पण तिची सगळी करामत लोंबण्यातच आहे. पुढून उभं गवत आलं की साखळी बाजूला होते, गवत आत जातं, ती परत खाली पडते. आतून खडा आदळला की ती हिसका खाऊन मागे झुलते आणि खड्याचा जोर त्या झुलण्यात जिरतो. घट्ट पत्रा असता तर एक तर त्याने गवत आडवं केलं असतं, नाहीतर दगड खाऊन खाऊन त्याला भोक पडलं असतं. साखळ्या एकमेकींना खेटून हव्यात, जमल्यास दोन ओळींत, पुढच्या ओळीतली फट मागच्या ओळीने झाकेल अशा. झालरीतली एक साखळी गेली तर ‘बाकीच्या आहेत की’ म्हणून चालत नाही. खडा फट शोधत नसतो, पण पाती मिनिटाला हजार वेळा फिरतात तेव्हा फटीकडे जाणारा एखादा निघतोच.

साखळीऐवजी रबर लावावं का, असं पुष्कळजण विचारतात. साखर कारखान्यातून किंवा खडी क्रशरवरून जुना कन्व्हेयर बेल्ट मिळतो. त्याच्या आत कापडाचे थर असतात, त्यामुळे तो फाटत नाही आणि बारीक खडे, काटक्या साखळीपेक्षा चांगल्या अडवतो. बदल चांगला आहे, मात्र मागच्या बाजूला. पुढे रबर लावलं तर ते कापायच्या आधीच गवत लोळवतं, पाती त्याच्यावरून जातात आणि दोन दिवसांनी गवत पुन्हा उभं. मग चिडून माणूस रबरही काढतो आणि साखळ्या तर आधीच विकलेल्या असतात. पुढे साखळी, मागे रबर, हे माझ्या मते सगळ्यात जमणारं लग्न.

आणि झालर शाबूत असूनही ती निकामी करायची एक पद्धत आहे, जी मी जवळजवळ प्रत्येक बागेत बघतो. ओळ संपली, ट्रॅक्टर वळवायचा, म्हणून पीटीओ चालू ठेवूनच लिफ्ट उचलायची. यंत्र दोन फूट वर, साखळ्या हवेत आणि खाली सगळं उघडं. त्यातच शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस खडखडायला लागतो. वळणावर पीटीओ बंद करायला काही सेकंद लागतात, पण दिवसभरात शंभर वळणं असली की ते सेकंद ड्रायव्हरला जड जातात. निदान उचलायची उंची तरी आटोक्यात ठेवता येते: लिफ्टच्या लिव्हरला अडसर बसवून. बऱ्याच ट्रॅक्टरवर त्याची सोय असते, वापरत कुणी नाही.

दुसऱ्या जातीचं यंत्र म्हणजे मल्चर. त्याला श्रेडर किंवा फ्लेलही म्हणतात. छाटणीनंतर ओळीत पडलेल्या काड्या किंवा उसाचं पाचट बारीक करायला हे चालतं. त्यात एक आडवा रोल आणि त्याला हातोड्यांसारखी किंवा वाय आकाराची पुष्कळ छोटी पाती लटकलेली असतात. रोलचा व्यास लहान असल्याने टोकाचा वेग रोटरीच्या जवळपास निम्मा येतो आणि वरून पूर्ण टोप असतो. त्यामुळे वस्ती, रस्ता, गोठा जवळ असेल तर मल्चर बरा. पण बहुतेक मल्चरमध्ये खालची पाती पुढच्या दिशेला फिरतात, म्हणजे वस्तू ट्रॅक्टरकडेच भिरकावली जाऊ शकते. पुढच्या पट्ट्या किंवा झडपा काढलेला मल्चर चालवणं म्हणजे स्वतःच्या पाठीवर नेम धरणं.

द्राक्षबागेत अजून एक भानगड असते. मांडवाची तार. जुनी तार बदलताना पडलेले वीतभर तुकडे गवतात हरवतात. दगड निदान दिसतो तरी, तार दिसत नाही. मल्चरने उचललेला तारेचा तुकडा बाणासारखा सुटतो आणि साखळ्यांच्या कड्यांमधूनही निसटू शकतो. लांब तार असेल तर ती रोलला गुंडाळते आणि तिचं मोकळं टोक बाहेर फटके मारत फिरतं. ठिबकच्या नळीचंही तसंच होतं, फक्त ती मऊ असल्याने नुसतं काम थांबतं. गार्ड कितीही चांगलं असलं तरी ओळीतून आधी एक चक्कर पायी मारणं त्याला भरून काढता येत नाही.

गावात सगळ्यात जास्त बदल होतात ते पात्यांत, म्हणून तिथे जरा थांबतो.

रोटरी कटरचं पातं घट्ट बसवलेलं नसतं. ते एका जाड बोल्टवर लटकलेलं असतं आणि फिरताना जोराने बाहेर ओढलं जाऊन सरळ राहतं. खुंट किंवा मोठा धोंडा लागला की ते मागे दुमडतं, धक्का देऊन पुढे जातं, पुन्हा सरळ होतं. मधे परातीसारखा जो जाड तवा असतो तो यंत्राला खुंटावरून घसरवून नेतो. आता काहीजण काय करतात, पातं ‘हलतंय’ म्हणून त्याला वेल्डिंगचे टाके मारतात. हलायलाच हवं ते! टाके मारल्यावर पुढच्या खुंटाचा सगळा धक्का बोल्टवर आणि गिअरबॉक्सवर जातो.

त्या बोल्टवर मुळातच किती ओढ असते ते बघा. पाच किलोचं पातं आणि त्याचं वजन मध्यापासून साधारण 55 सेंटीमीटरवर एकवटलंय असं धरलं, तर 1000 फेऱ्यांना बोल्टवर तीन टनांची ओढ येते. रस्त्यावरचे तीन-चार मिनी ट्रॅक्टर एका बोल्टला टांगल्यासारखी. म्हणून हा बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचाच लागतो आणि झिजला की बदलावाच लागतो.

कमानपाट्याचं पातं करायचा मोह मला समजतो. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद धार छान धरतं आणि भंगारात स्वस्त मिळतं. पण ते पोलाद भट्टीत तापवून, मनाला येईल तसं पाण्यात बुडवलं की काचेसारखं कडक होतं. कंपनीचं पातं मुद्दाम असं केलेलं असतं की दगड लागला तर ते वाकेल, पण तुटणार नाही. वाकलेलं पातं यंत्रातच राहतं. तुटलेल्या पात्याचा तुकडा मात्र गोळी होतो आणि तो झालरीलाही जुमानेल याची खात्री नाही. वेल्डिंगने पात्याची लांबी वाढवणं, मोडलेलं पातं जोडणं, याचीही गत तीच: टाक्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तडा नेमका तिथेच जातो.

एकच पातं बदलणं हीसुद्धा वाईट सवय. नवीन आणि झिजलेल्या पात्यात समजा 50 ग्रॅमचा फरक पडला. ऐकायला काहीच नाही, पण 70 सेंटीमीटरच्या अंतरावर, हजार फेऱ्यांना, तो फरक साधारण 39 किलोच्या जोराने गिअरबॉक्सला सेकंदाला 17 वेळा चारी दिशांना हिसडतो. मग बोल्ट ढिले होतात, सील गळतं आणि पत्र्याला तडे जातात. गार्ड आपोआप गळून पडण्याचं एक मोठं कारण ही थरथर असते. जोडीने बदलावं आणि बसवण्याआधी दोन्ही पाती किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघावीत.

आता शाफ्ट. उडणाऱ्या दगडाची भीती सगळ्यांना पटते, शाफ्टची पटत नाही, कारण तो आपल्या जागी फिरत असतो, कुणावर धावून येत नाही. पण जोडाशी त्याची जाडी 7 सेंटीमीटर धरली, तर परीघ 22 सेंटीमीटर. सेकंदाला 9 फेरे, म्हणजे एका सेकंदात दोन मीटर कापड तो गुंडाळतो. खांद्यावरचा टॉवेल, पदर, मफलर, धोतराचा सोगा, काहीही पाऊण सेकंदात संपतं, आणि गुंडाळत जाईल तसा जाडी वाढून वेगही वाढतो. पाय क्लचवर जाईपर्यंत खेळ झालेला असतो. शाफ्ट गुळगुळीत असला तरी तो ओढतो. त्यावर पिनेऐवजी लांब बोल्ट घालून त्याचं टोक बाहेर ठेवलं असेल, तर तो आकडाच झाला.

प्लास्टिकच्या नळीचं काम शाफ्ट झाकणं एवढंच नाही. तिने शाफ्टबरोबर फिरता कामा नये. त्यासाठी तिला दोन्ही टोकांना बारीक साखळ्या असतात. एक साखळी ट्रॅक्टरच्या, दुसरी यंत्राच्या न हलणाऱ्या भागाला अडकवायची. लिफ्टच्या दांड्याला अडकवली तर पहिल्याच वेळी तुटते. तपासायची रीत सोपी आहे. ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, मग नळी हाताने फिरवून बघा. ती शाफ्टवर सुटी फिरली पाहिजे. जाम असेल तर ती गार्ड नाही, जाड शाफ्ट आहे. पीव्हीसीचा पाइप चिरून, शाफ्टवर चढवून तारेने आवळणारे लोक हेच करतात.

नळ्या का मोडतात, याचंही उत्तर बहुतेकदा आपल्याच कामात सापडतं. नवीन यंत्र जोडताना शाफ्ट लांब पडतो, म्हणून लेथवर नेऊन कापतात. शाफ्टच्या आतल्या-बाहेरच्या दोन लोखंडी नळ्या आणि वरच्या दोन प्लास्टिकच्या नळ्या, असे चार भाग असतात. कापायचे तर चारही सारख्याच मापाने. घाईत फक्त लोखंड कापलं जातं, मग यंत्र उचलल्यावर प्लास्टिक एकमेकांवर दाबलं जाऊन तडकतं आणि दोष कंपनीला. उलट जास्त कापला, तर दोन नळ्यांची एकमेकींत गुंतण पुरेशी राहत नाही आणि खड्ड्यात चाक गेलं की चालू शाफ्ट निसटतो. यंत्र वर-खाली करून, सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या स्थितीत माप घेतल्याशिवाय करवत लावू नये.

शिअर बोल्टबद्दल थोडक्यात. शाफ्टच्या जोडातला हा बोल्ट भार जास्त झाला की तुटण्यासाठीच असतो, फ्यूजसारखा. बोल्टच्या डोक्यावरचा 4.6 किंवा 8.8 हा आकडा त्याची ताकद सांगतो, 8.8 चा बोल्ट 4.6 पेक्षा दुप्पट ओढ सोसतो. सारखा तुटतो म्हणून वरच्या ग्रेडचा घातला की बोल्ट वाचतो आणि गिअर तुटतो. काही यंत्रांत बोल्टऐवजी स्लिप क्लच असतो, तो तुटण्याऐवजी घसरतो. पावसाळाभर पडून राहिला की त्याच्या प्लेटा गंजून चिकटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगा सैल करून, थोडा घसरवून, पुन्हा पुस्तिकेच्या मापाला आवळावा.

जुन्या, सिंगल क्लचच्या (चाकं आणि पीटीओ, दोन्हींना एकच क्लच असलेल्या) ट्रॅक्टरवर रोटरी कटर जोडणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो: क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. ब्रेक गेले असं वाटतं. प्रत्यक्षात क्लचने इंजिन सुटलेलं असतं, पण पीटीओ आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेलेच असतात. जड पाती जोरात फिरत असतात, ती शाफ्टमधून उलटं बळ पाठवून चाकं ढकलतात. बांधाच्या कडेला किंवा विहिरीजवळ हे घडलं तर काय, ते सांगायला नको. यावर खरोखर उपयोगी बदल म्हणजे पीटीओच्या टोकावर बसणारा ओव्हररनिंग कपलर. सायकलच्या फ्रीव्हीलसारखा तो एकाच बाजूने बळ जाऊ देतो. इंजिन पाती फिरवतं, पाती ट्रॅक्टरला ढकलू शकत नाहीत. पण तो लावला की जोड तितका बाहेर येतो. म्हणजे शाफ्ट पुन्हा मापून कापायचा आणि ट्रॅक्टरवरचं पीटीओचं झाकण नव्या जोडावर पोचतंय का, तेही बघायचं. ड्युअल क्लचवर किंवा स्वतंत्र पीटीओवर याची गरज पडत नाही.

कपलर बसवला की पाती उलट जास्त वेळ मोकळी फिरत राहतात. म्हणून उतरल्यावर लगेच मागे जाऊ नये, आवाज पूर्ण थांबू द्यावा. आणि नुसत्या लिफ्टच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नये. लाकडी ओंडके किंवा स्टँड लावावेत.

आपल्याकडे 1983 सालचा धोकादायक यंत्रांविषयीचा केंद्रीय कायदा आहे. त्यात मळणीयंत्राचं नाव थेट घातलेलं आहे आणि शेतीतली इतर यंत्रं अधिसूचना काढून त्यात आणायची सोय आहे. मजुराला इजा झाली तर भरपाईचीही तरतूद त्यात आहे. युरोपातल्या 2006 च्या यंत्रविषयक नियमावलीतली एक अट मात्र आपल्या वेल्डिंगवाल्यांनी जरूर उचलावी अशी आहे: पक्क्या बसवलेल्या गार्डचे बोल्ट, गार्ड उघडल्यावरही यंत्राला किंवा गार्डलाच लटकून राहिले पाहिजेत. किती साधी गोष्ट! आपल्याकडे गार्ड हरवायच्या आधी त्याचे चार बोल्ट गवतात हरवलेले असतात.

म्हणून गार्डमध्ये बदल करायचाच असेल तर तो इथे करावा. चार सुट्या बोल्टांवरचं झाकण एका बाजूला बिजागरी लावून उघडतं करावं, दुसऱ्या बाजूला एकच बोल्ट, तोही पान्यानेच उघडणारा आणि साखळीने बांधलेला. शाफ्टच्या टोपीला ग्रीस निपलसमोर गनचं तोंड जाईल एवढंच भोक पाडून त्याला रबरी बूच बसवावं. साखळ्या सरळ पत्र्याला न जोडता एका सळईत ओवाव्यात, म्हणजे तुटलेली साखळी बदलायला सळई ओढली की झालं, वेल्डिंगवाल्याकडे जायला नको. वेल्डिंग यंत्रावरच करायचं असेल तर अर्थिंगचा चिमटा जिथे टाका मारायचा त्याच पत्र्याला लावावा. तो ट्रॅक्टरला लावला तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जातो आणि ती बेअरिंग महिनाभरात ओरडायला लागते. आणि बिजागरी मागच्या कडेला नको. तिथे ओलं गवत साचतं, दिवाळीपर्यंत ती गंजून बसते आणि मग झाकण पहारीने उचकटावं लागतं.